झेरॉक्स देताय? त्यावर आधी दोन ओळी लिहा

मैत्रिणींनो, आज पाककृती नाही आणि डाग काढायची युक्तीही नाही. शेजारच्या वहिनींवर गेल्या पावसाळ्यात जो प्रसंग आला, तो सांगते.

त्या आणि त्यांचे यजमान मिळून घरासाठी कर्ज काढायला बँकेत गेले. कागद पाहून साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या नावावर आधीचंच एक कर्ज थकलंय." कसलं? तर हप्त्यांवर घेतलेल्या मोबाइलचं. चौदा हजार रुपये! वहिनी भिशी लावतात, पण हप्त्याने वस्तू घेणं त्यांना मुळीच मान्य नाही. यजमान बँकेत काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "मला न सांगता काही घेतलं होतंस का?" वहिनी मला म्हणाल्या, "चौदा हजारांचं एवढं नाही हो वाटलं, त्या प्रश्नाचं वाटलं."

कुणीतरी त्यांच्या आधारची झेरॉक्स वापरली होती. ती कुठून गेली ते आजही कळलेलं नाही. आठवायला बसलो तर यादीच झाली: सिमकार्डाचं दुकान, मुलाची शाळा, लग्नाला गेलो तेव्हाचं लॉज, गॅसची एजन्सी, सोसायटीचा भाडेकरार. शेजारणीला वाटीभर साखर दिली तरी वाटी परत आली की नाही ते आपण पाहतो. या झेरॉक्सांचं पुढे काय होतं, हे कधी विचारलंय का आपण?

तेव्हा एक सवय लावून घ्या. झेरॉक्सवर दोन तिरप्या रेघा मारायच्या आणि मध्ये लिहायचं, 'फक्त अमुक कामासाठी', खाली तारीख आणि सही. अक्षरं फोटोवर आणि नंबरावर थोडी चढू द्यावीत, म्हणजे तोच कागद दुसऱ्या कामाला लावणं अवघड जातं. शिवाय आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार फुकट उतरवून घेता येतं. त्यात नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात. (मे २०२२ मध्ये आधारच्याच एका कार्यालयाने लोकांना झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड प्रत द्या असं सांगितलं होतं. गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं! सल्ला मात्र चांगलाच होता.) बोटांचे ठसे 'लॉक' करायची सोयही तिथेच आहे. मुलाला किंवा सुनेला पाच मिनिटं बसवा नि करून घ्या.

आता दुकानातल्या मोबाइल नंबराबद्दल. परवाच मी ब्लाउजपीस घ्यायला गेले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, नंबराशिवाय बिल निघत नाही." पूर्वी मी निमूट सांगत असे. मग दिवसभर सेलचे मेसेज! मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना कळवलं होतं, की बिलासाठी नंबराचा आग्रह धरू नका. तेच मी त्याला सांगितलं. मागे रांग खोळंबली, एक बाई च्च केल्या, पण बिल निघालं.

"यावर कायदा नाही का?" असं तुमच्यापैकी कितीतरी जणी विचारतात. आहे, पण त्याची चाल गोगलगायीची. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. मग न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा मसुदा २०१८ मध्ये आला, २०१९ चं विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं, आणि शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला. त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत! त्यात चांगलं काय, तर तुमची माहिती कशाला हवी ते सांगणारी सूचना मराठीतसुद्धा मागता येईल. दिलेली संमती परत घेता येईल, माहिती पुसून टाका असंही म्हणता येईल.

पण एक गोष्ट मला खुपते. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे, तो जाणार सरकारी तिजोरीत. जिचं नुकसान झालं, तिला काय? २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात तिच्या भरपाईचं कलम होतं. २०२३ च्या कायद्यात ते नाही. वहिनींचे जे हेलपाटे झाले त्याची किंमत कुणी मोजायची? दुसऱ्याची ओळख चोरून वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे खरा, पण चोर आधी सापडायला हवा ना!

म्हणून आपलं आपण पाहावं. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. खात्यातून पैसे गेले असतील तर यजमान घरी यायची वाट पाहू नका, तडक १९३० ला फोन लावा.

वहिनींनी पोलिसांत अर्ज दिला, कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि नोंद ठेवणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार केली, पोच घेतली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये द्यावे लागतात. वहिनींची नोंद एकेचाळिसाव्या दिवशी पुसली गेली. तोवर तो फ्लॅट दुसऱ्याच कुणाला गेला होता. पण वरच्या अकरा दिवसांचे अकराशे रुपये त्यांनी पत्र लिहून मागितले आणि मिळवले. ते पत्र यजमानांनीच टाइप करून दिलं.