अलिबागहून मुंबईला : निवड कोणाची?

अलिबागहून मुंबईस कसे जावे हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत बसणारा नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. वेळापत्रक, भाडे आणि आपला खिसा एवढे ठाऊक असले की त्याचे उत्तर मिळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचे मत थोडे निराळे आहे. ज्या साहित्याने ‘चाकरमानी’ हा शब्द एवढ्या मायेने जपला, त्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी हा प्रश्न नीट तपासून पाहावा असे आम्हांस वाटते. कारण या वाटेने एकाच वेळी दोन प्रकारची माणसे निघालेली असतात. एक, सुटी संपवून घरी परतणारा पर्यटक. दुसरा, नोकरीसाठी, औषधपाण्यासाठी वा कोर्टकचेरीसाठी शहर गाठणारा रहिवासी. वाहन ‘निवडतो’ तो बहुधा पहिला. दुसऱ्याची निवड ऋतू, ओहोटी आणि महिनाअखेर यांनी आधीच करून ठेवलेली असते.

प्रथम भूगोल. मांडव्याहून मुंबई समुद्रापलीकडे दिसते; बोटीने ती तासाभराच्या अंतरावर आहे. जमिनीवरून मात्र धरमतरची खाडी व मुंबई बंदराचा पसारा यांना वळसा घालावा लागतो. कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल असे करीत हे अंतर शंभर किलोमीटरच्या घरात जाते. आगगाडीचा पर्याय अलिबागकरांस नाही. पेणहून रूळ थळच्या खत कारखान्यापर्यंत आले आहेत, पण ते मालगाडीसाठी. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या या गावात प्रवासी गाडी आजही येत नाही.

जलमार्गाच्या तीन तऱ्हा आहेत. मांडवा ते गेटवे ही खाजगी बोटींची वाहतूक पर्यटकांच्या सर्वाधिक परिचयाची. अलिबाग ते मांडवा हा बसचा टप्पा बोटीच्या तिकिटातच धरलेला असतो, त्यामुळे ती सोयीची वाटते आणि आहेही. दुसरी, रेवस ते भाऊचा धक्का ही साधी लाँच. तीत भाजीच्या पाट्या, मासळीच्या टोपल्या आणि रोजचे उतारू असतात. रेवसला ओहोटीच्या वेळी गाळाने अडचण होते हे सर्वांस ठाऊक आहे. तिसरी, मार्च २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा. तीत माणसांबरोबर मोटारीही चढतात.

पावसाळा लागला की गेटवेच्या बोटी बंद होतात आणि निवडीचे स्वातंत्र्य केवढे तोकडे आहे ते कळते. ही बंदी अनाठायी नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्यास महिना उरला असताना झालेला हा आघात रायगडच्या किनाऱ्यावरील घराघरांत आजही सांगितला जातो. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगनौका आदळून जीवितहानी झाली. तेव्हा पावसाळाही नव्हता. जीवरक्षक जाकीट, उतारूंची मोजदाद, बंदरातील शिस्त या बाबी वाहनाच्या निवडीत भाड्याच्या आधी विचारात घ्याव्यात, हे त्यावरून उघड आहे.

उरते ती एस्.टी. ती बाराही महिने धावते. वडखळच्या रस्त्याची रड सर्वश्रुत आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणास २०११ मध्ये आरंभ झाला आणि त्यापुढचा इतिहास प्रवाशांच्या कंबरेस पाठ आहे. तरीही ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस मोफत आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्म्या भाड्यात प्रवास ज्या वाहनाने दिला, ते हेच. या वाटेवरील अन्य कोणत्याही वाहनाने एवढ्या माणसांना दार उघडून दिल्याचे आमच्या माहितीत नाही.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. सुमारे २१.८ किलोमीटरचा, त्यातील साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जाणारा हा पूल म्हणजे स्थापत्याची मोठीच कामगिरी होय. मात्र उद्घाटनाच्या वेळी मोटारीस एका खेपेचा पथकर अडीचशे रुपये ठरला आणि दुचाकी व रिक्षा यांना पुलावर मज्जाव झाला. अलिबाग तालुक्यातील कमावत्या तरुणाचे वाहन बहुशः दुचाकी असते. नवी वाट कोणाला जवळ आणते आणि कोणाला जुन्याच वळशावर ठेवते, याचे उत्तर या दोन तपशिलांत आहे.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘अलिबागहून आलास काय?’ हा मुंबईकरांचा हेटाळणीचा प्रश्न हिंदी अवतारात चित्रपटांतूनही रूढ झाला. त्याविरुद्ध एका अलिबागकराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २०१९ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. विनोदावर बंदी नको, हे आम्हांसही मान्य आहे. पण शनिवार-रविवारी अलिबागहून येणाऱ्या बंगलेवाल्यास हा प्रश्न कोणी विचारीत नाही, हे ध्यानात घ्यावे. तो विचारला जातो पिशवी घेऊन धक्क्यावर उतरणाऱ्यास. एकाच गावाहून येण्याचे दोन अर्थ शहराने ठरविले आहेत, आणि ते वाहनावरून ओळखले जातात.

आमच्या कथा-कादंबऱ्यांतील कोकणी माणूस मुंबईस येतो तो आधी आगबोटीने, पुढे एस्.टी.ने, आणि १९९८ नंतर कोकण रेल्वेने. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’ या कथनात तर कोकणातील एस्.टी.चे उतारू हेच एक आख्खे गाव होते. अनोळखी माणसांना काही तास एकमेकांना सहन करावे लागणे, ही त्या गद्याची पूर्वअट होती. आजच्या पर्यटनलेखनात वाहन म्हणजे मिनिटे आणि रुपये. सहप्रवासी जवळजवळ नाहीसा झाला आहे. लेखक मोटारीत काच चढवून बसला, तर त्याच्या कानी पडणार काय?

यावर आक्षेप येईल की दमून परतणाऱ्या कुटुंबावर हे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. म्हातारी माणसे, लेकरे, सामान असताना कोणी रो-रोने गेले तर आम्ही त्यास नावे ठेवणार नाही. वेगाशी आमचे वैर नाही. पण ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी माणसे सार्वजनिक वाहनातून उतरली, की त्या वाहनाची तक्रार करणारेच उरत नाहीत. किनाऱ्यावरील आगबोट रस्ते सुधारल्यावर अशीच मागे पडत गेली. लाँच आणि एस्.टी. यांच्याबाबत तेच घडू द्यायचे काय?

म्हणून आमची सूचना अशी. हवामान चांगले असताना लाँच, एरवी एस्.टी.; मोटार अगदी निकड असेल तेव्हाच. रेवसचा गाळ नियमित काढावा, धक्क्यावर छप्पर व शौचालय असावे, जलवाहतुकीतही स्त्रियांस व वृद्धांस सवलत असावी, या मागण्या प्रवाशांनी लेखी कराव्यात. मराठीच्या विभागांनी आपल्या अभ्याससहलीपासून आरंभ करावा. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा काळ वाचला गेलेला आक्षीचा मराठी शिलालेख अलिबागपासून हाकेच्या अंतरावर आहे. तो पाहून विद्यार्थ्यांनी लाँचने परतावे आणि बरोबरच्या उतारूंना ते रोज किती वेळ व किती पैसे खर्चून ये-जा करतात, हे विचारावे. मागणीचा अर्ज लिहिताना त्यांची उत्तरे उपयोगी पडतील.