आधी आराखडा, मग सॉफ्टवेअर

कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून या प्रकल्पांनी महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची नोंदणी मिळवली होती आणि त्या नोंदणीवर भरवसा ठेवून सामान्य कुटुंबांनी कर्जे काढून घरे घेतली. गुन्हा कागद बनवणाऱ्यांचाच आहे. पण तो खपला कसा, याचे उत्तर यंत्रणेच्या आराखड्यात शोधावे लागते. कोण कोणाला काय विचारतो, हे उभ्या रेषा आणि आडव्या बाणांनी दाखवणारी ‘सिक्वेन्स डायग्राम’ काढून पाहा. एका रेषेवर विकासक, दुसरीवर महारेरा, तिसरीवर महापालिकेचा नगररचना विभाग. पहिल्या रेषेवरून दुसरीकडे परवानगीचा बाण जातो. दुसरीवरून तिसरीकडे ‘ही परवानगी तुम्हीच दिली का?’ असा बाणच तेव्हा नव्हता. सॉफ्टवेअरच्या शेकडो पानांच्या निविदेत अशी उणीव दडून राहते, आकृतीत ती कोणाच्याही नजरेत भरते. पुढे महारेराने महापालिकांकडून परवानगीची खातरजमा करून घ्यायला सुरुवात केली, पण तोवर लोक त्या घरांत राहायला गेले होते.

अशा आकृत्यांसाठी यूएमएल ही प्रमाणित भाषा 1997 पासून आहे. ती आता वापरतो कोण, असे या व्यवसायातले लोक विचारतील, आणि त्यात तथ्य आहे. मॅरियन पेत्र या संशोधिकेने 2013 मध्ये 50 व्यावसायिकांच्या मुलाखतींवरून लिहिलेल्या निबंधात 35 जण ती अजिबात वापरत नसल्याचे आढळले. कोड बदलतो, आकृती जुनी होते, ही तक्रारही रास्तच. मात्र त्याच निबंधातले 11 जण ती निवडक, गरजेपुरती वापरत होते, आणि सरकारी कामाला नेमके तेवढेच हवे आहे. एकत्र बसणाऱ्या छोट्या चमूचे फळ्यावरच्या रेघोट्यांवर भागते. महापालिकेत अधिकारी बदलून जातात, कंत्राटदार बदलतो. मागे काय ठरले होते, हे सांगायला कोणी उरत नाही. शिवाय ज्या लिपिकाला खिडकीवरची अडचण ठाऊक असते, त्याला कोड वाचता येत नाही, पण मराठीत नावे लिहिलेली आकृती तो वाचू शकतो आणि चूकही दाखवू शकतो.

कल्याण-डोंबिवली महापालिकेने संगणकीकरणात राज्यात पुढाकार घेतला होता आणि तिचा नमुना इतर शहरांनी उचलला. तिने आणि ठाणे महापालिकेने बांधकाम परवानगी व मालमत्ता कराच्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या निविदेआधी या आकृत्या मराठीत प्रसिद्ध कराव्यात, आणि हरकती मागवण्यासाठी नागरिकांना महिनाभराची मुदत द्यावी.