माळढोक कोणीं राखावा?

सन १९७९ मध्यें सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख माळढोक पक्ष्याचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हेतु स्तुत्य होता. परंतु त्या रेषेच्या आंत गांवें, बाजारपेठा व शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीही आल्या. जमिनीचे व्यवहार अडले, आणि पिकावरील टोळ व किडे टिपणारा हा पक्षी शेतकऱ्यास संकट वाटूं लागला. अखेर २०१२ सालीं तें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलें गेलें. रेषा आंखडली, पण पक्षी वाढला नाहीं; आज तो तेथें क्वचितच दृष्टीस पडतो.

यावरून कडक बंदोबस्त निरर्थक, असें कोणीं समजूं नये. मादी बहुधा एकच अंडें, तेंही उघड्या जमिनीवर घालते. विणीच्या दिवसांत कुरणांत गुरें अथवा कुत्रीं शिरलीं, तर वर्षाचें फळ बुडालें. तेवढ्या कुरणापुरती सवलत कोणासही नको.

परंतु हा पक्षी कुंपणांत राहणारा नव्हे. तो ज्वारी-करडईच्या रानांत चरतो. उजनीचें पाणी आल्यावर ज्या रानांत ऊस उभा राहिला, तीं रानें त्यास मुकलीं. उरलेल्या माळावर विजेच्या तारा त्याच्या वाटेंत आहेत. हीं कामें पहारेकऱ्यानें होणारीं नव्हेत. तेथें गांवाची संमतीच पाहिजे.

गांवास राखण जमत नाहीं, असें म्हणणारांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) पाहावें. २००९ सालीं त्यास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, व त्याचा कारभार ग्रामसभा पाहते.

वन्यजीव कायद्यांतील २००२ च्या दुरुस्तीनें अभयारण्याबाहेरील खाजगी वा सामाईक जमीन मालकांच्या खुषीनें समुदाय राखीव करतां येते. तिच्या समितींत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधि असतात. मात्र त्यानंतर जमिनीचा वापर समितीच्या ठरावावांचून व सरकारच्या मान्यतेवांचून बदलतां येत नाहीं. सबब शेतकरी बंधूंनीं आरंभ पिकाऊ शेतापासून न करितां गांवाच्या सामाईक माळापासून करावा. त्याच ठरावांत काळविटांनीं केलेल्या नुकसानीची वेळेवर भरपाई व धोक्याच्या तारा जमिनीखालून नेणें, या मागण्याही निक्षून घालाव्या. सरकारनें कुरण राखावें, गांवानें माळ राखावा. एकानें दुसऱ्याकडे बोट दाखविण्यांत पक्षी जाईल आणि माळही जाईल.