लायचाची साक्ष कोणत्या दाव्याला?

छत्तीसगडच्या धानपट्ट्यात लायचा नावाचे जे देशी वाण पिकते, त्याचा भात गरोदर स्त्रीने खाल्ला तर होणाऱ्या बाळाला त्वचेचा विकार जडत नाही, अशी तेथील परंपरागत समजूत आहे. या समजुतीला अलीकडे पॉलिफेनॉलांचा आधार दिला जातो. पॉलिफेनॉल म्हणजे वनस्पती स्वसंरक्षणासाठी तयार करतात ती संयुगे. त्यांच्या रेणूत बेंझिनच्या कड्याला जोडलेले हायड्रॉक्सिल गट एकाहून अधिक असतात, आणि हिरड्याचा तुरटपणा, काताचा रंग किंवा लाल तांदळाची लाली ही त्यांचीच करामत असते. त्यांच्याविषयी दोन टोकाची मते मांडली जातात. एक पक्ष म्हणतो की ती खाल्ली किंवा लावली तरी त्वचा निरोगी व तरुण राहते आणि रायपूरच्या संशोधनानेच हे सिद्ध झाले आहे. दुसरा पक्ष या साऱ्याला वैदूगिरी ठरवून मोकळा होतो.

पहिल्या पक्षाची मुख्य साक्ष आधी तपासली पाहिजे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे धानाच्या सुमारे 23 हजार नमुन्यांचा संग्रह असून त्याचा पाया भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात गावोगावची वाणे गोळा करून घातला. (हा ठेवा किती मोलाचा आहे हे रायपूरकरांना कोणी शिकवण्याची गरज नाही, सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी होऊ घातलेले सहकार्य 2002 मध्ये लोकविरोधामुळेच बारगळले.) याच संग्रहातील गठुवन, महाराजी आणि लायचा या तीन वाणांच्या अर्कांनी फुप्फुसाच्या व स्तनाच्या कर्करोगपेशींची वाढ रोखली, असा निष्कर्ष विद्यापीठ आणि मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या संयुक्त कामातून 2018 मध्ये जाहीर झाला. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा, रासायनिक अर्काचा आणि कर्करोगाविषयीचा आहे. शिजवलेला भात, गर्भवती स्त्री आणि बाळाची त्वचा यांपैकी काहीही त्या प्रयोगात नव्हते. ज्या द्रव्याने रोगट पेशी मरते त्याने निरोगी त्वचेचे पोषणही होते, असे अनुमान तर्कशास्त्राच्या कोणत्याही शाळेत टिकणार नाही.

या पक्षाचा दुसरा युक्तिवाद अधिक मोहक आहे: उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत मुक्त मूलके, म्हणजे जोडीदार इलेक्ट्रॉन नसलेले अतिक्रियाशील कण, निर्माण होतात, पॉलिफेनॉले परीक्षानळीत त्यांना निष्प्रभ करतात, म्हणून ती त्वचेलाही वाचवतात. यातील 'म्हणून' लंगडा आहे. खाल्लेल्या पॉलिफेनॉलांचा मोठा भाग आतड्यात शोषलाच जात नाही, आणि जो शोषला जातो त्याचे यकृत व आतड्यातील जिवाणू रूपांतर करून टाकतात. लेपाची अडचण निराळी असते. त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर साधारणपणे 500 डाल्टनपेक्षा जड रेणूंना आत येऊ देत नाही, आणि हिरड्यातील चेब्युलिनिक आम्लाचे वजन 950 डाल्टनच्या पुढे जाते. हिरड्यातील टॅनिने कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना घट्ट बांधतात, हे चर्मोद्योग फार पूर्वीपासून जाणतो. पण तेथे कातडे मेलेले असते, केस व वरचा थर काढून दिवसेंदिवस द्रावणात मुरत ठेवलेले असते. त्याच गुणाच्या आधारावर जिवंत चेहऱ्याची त्वचा घट्ट करण्याचे आश्वासन विकणे म्हणजे ग्राहकाला जोड्याचे चामडे समजणे होय.

एवढ्यावरून दुसरा पक्ष खरा ठरतो काय? मुळीच नाही. हिरव्या चहातील कॅटेचिन या पॉलिफेनॉलांपासून केलेल्या मलमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2006 मध्ये बाह्य जननेंद्रियांवरील विषाणुजन्य चामखिळींसाठी मान्यता दिली, आणि तीही इतर औषधांप्रमाणेच रुग्णांवरील चाचण्या पाहून. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात 24 स्त्रियांपैकी ज्यांनी रोज 326 मिलिग्रॅम फ्लॅव्हानॉल (हीही पॉलिफेनॉलेच) असलेला कोको 12 आठवडे घेतला, त्यांच्या त्वचेवर अतिनील किरणांनी येणारी लाली सुमारे एक चतुर्थांशाने घटली. उलटपक्षी, मँचेस्टरच्या संशोधकांनी 50 व्यक्तींवर केलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिरव्या चहातील कॅटेचिने व क जीवनसत्त्व 12 आठवडे देऊनही त्या लालीत लक्षणीय फरक पडला नाही. पुरावा असा उलटसुलट आहे, आणि तो तसाच मांडणे हे प्रामाणिकपणाचे आहे. एका अपयशावरून संपूर्ण विषय निकालात काढणारा संशयवादी जाहिरातदाराइतकाच उतावळा ठरतो.

रायपूरच्या दृष्टीने सर्वांत आश्वासक द्रव्य फेरुलिक आम्ल हे आहे. त्याचा रेणू जेमतेम 194 डाल्टनचा असतो आणि तांदळाच्या कोंड्यात ते विपुल असते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवले की क आणि ई जीवनसत्त्वांच्या द्रावणात ते अर्धा टक्का मिसळल्यास द्रावण टिकाऊ होते आणि डुकराच्या त्वचेला मिळणारे प्रकाशसंरक्षण जवळपास दुप्पट होते. मात्र गिरणीत पॉलिश करताना कोंडा निघून जातो, त्यामुळे लायचाच्या नावाने पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्याच्या ताटात ही संयुगे फारशी उरत नाहीत; हातसडीच्या तांदळात ती बऱ्याच अंशी राहतात. तरीही मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो तेव्हा डोक्यावरच्या गमछ्याची आणि सावलीची जागा कोणताही भात किंवा मलम घेऊ शकत नाही.

लायचाविषयीची लोकसमजूत खोटी ठरलेली नाही. ती तपासलीच गेलेली नाही. वाण रायपुरात आहे, ते जपणारे कृषी विद्यापीठ तेथेच आहे, आणि 2012 पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही त्याच शहरात आहे. या दोन संस्थांनी मिळून कोंड्यासह शिजवलेल्या लायचात पॉलिफेनॉले किती उरतात हे आधी मोजावे आणि मग त्वचेवरील परिणामाची रीतसर चाचणी घ्यावी; तोवर लायचाचे नाव सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर पुरावा म्हणून छापले जाऊ नये.