घामानंतरचा हिशेब

साप्ताहिक स्तंभ : शरीर आणि श्रम

पोलीस भरतीची तयारी करणारी आमच्या झरी-जामणी तालुक्यातील मुले पहाटे मुकुटबनच्या रस्त्यावर धावून आली आणि घाम पुशीत घटकाभर टेकली, की त्यांच्यात एक वाद हटकून निघतो. “जोरात फेऱ्या मारल्या ना भाऊ, तर झोपेतही चरबी जळत राह्यते,” असे एकजण ठासून सांगतो. दुसरा संथ गतीच्या लांब पल्ल्याची बाजू घेतो. आणि नव्याने वजने उचलू लागलेला तिसरा आपल्या लोखंडाचा महिमा दोन दिवस टिकतो, असे म्हणतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक अशी कसोटी ज्यांच्यापुढे उभी आहे, त्यांनी व्यायामाच्या प्रकारांचा इतका बारकाईने विचार करावा, हे मला मनापासून कौतुकास्पद वाटते. आणि म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर त्यांना ऐकीव माहितीवरून नव्हे, तर पुराव्यानिशी मिळाले पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

व्यायाम थांबला तरी शरीराचा वाढलेला खर्च तत्काळ थांबत नाही, ही गोष्ट निर्विवाद आहे. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल आणि त्यांचे सहकारी लप्टन यांनी १९२३ साली याला प्राणवायूचे ऋण म्हटले: श्रमाच्या भरात स्नायूंनी जी उचल घेतली, तिची फेड विश्रांतीच्या काळात जोरजोराने श्वास घेऊन होते, आणि या उचलीचे मुख्य कारण म्हणजे स्नायूंत साचणारे लॅक्टिक आम्ल, अशी त्यांची उपपत्ती होती. पुढे १९८४ मध्ये ग्लेन गेसर आणि जॉर्ज ब्रूक्स या अमेरिकी संशोधकांनी उपलब्ध पुराव्याची छाननी करून असे दाखविले, की केवळ या आम्लाच्या निचऱ्याने त्या सगळ्या खर्चाचा मेळ बसत नाही. स्नायूंतील तातडीच्या ऊर्जेचा साठा पुन्हा भरणे, तापलेले शरीर निवेपर्यंत चयापचयाचा वेग चढा राहणे, हृदय आणि श्वसन पूर्वपदावर येणे, ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा अंमल ओसरणे आणि मोकळी झालेली चरबी पुन्हा बांधली जाणे, अशा अनेक बाबी या खर्चात सामील असतात.

कोणत्या व्यायामाने हा नंतरचा खर्च, म्हणजे उत्तरखर्च, किती वाढतो, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. व्यायामाची मुदत वाढवली तर उत्तरखर्च त्या प्रमाणात वाढतो; परंतु तीव्रता वाढवली तर तो प्रमाणाबाहेर चढत जातो. म्हणून तितकाच वेळ केलेल्या रमतगमत चालण्यापेक्षा दमछाक करणारी धाव मागे अधिक खर्च ठेवून जाते, हे खरे. जोराच्या फेऱ्यांची बाजू घेणाऱ्या मुलाचे म्हणणे इथवर बरोबर आहे. मात्र तो अधिकपणा किती, याचा आकडा पाहिला की उत्साह आवरावा लागतो. लाफोर्जिया आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार हा उत्तरखर्च व्यायामाच्या निव्वळ खर्चाच्या ६ ते १५ टक्क्यांच्या घरात असतो. साठ किलो वजनाचा तरुण १६०० मीटर धावला, तर त्याच्या सुमारे शंभर कॅलरी खर्ची पडतात. वरची मर्यादा धरली तरी नंतरची भर पंधरा कॅलरींची. ज्वारीच्या भाकरीचा जेमतेम एक घास म्हणजे ही भर.

याहून मोठे आकडेही प्रयोगांत आढळले आहेत आणि ते झाकून ठेवणे योग्य नव्हे. अमेरिकेत २०११ साली दहा तरुणांना बंदिस्त मापनकक्षात पंचेचाळीस मिनिटे नेटाने सायकल चालवायला लावली, तेव्हा त्या वेळात ५१९ आणि पुढील चौदा तासांत आणखी १९० कॅलरी खर्च झाल्या. २००२ च्या एका प्रयोगात सात जणांनी जड वजनांचे अर्ध्या तासाचे आवर्तन केल्यावर अडतीस तासांनीही त्यांचा प्राणवायूचा वापर चढा होता. परंतु हे प्रयोग मूठभर तरुणांवरचे आहेत, आणि त्यांतील श्रमही रोज सहज झेपावेत असे नव्हेत. वजने उचलण्याचे खरे फळ निराळेच आहे: हाडे आणि स्नायू बळकट होतात, म्हातारपणी तोल सावरतो. कमावलेला एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला केवळ तेरा कॅलरींच्या आसपास खातो, तेव्हा त्याच्या बळावर वजन घटेल ही आशा व्यर्थ होय.

जपानच्या इझुमी ताबाता यांच्या नावाने जगभर प्रसिद्ध झालेल्या, वीस सेकंद जोर आणि दहा सेकंद उसंत या पद्धतीचीही गत अशीच आहे. त्यांचा १९९६ चा प्रयोग दमसास वाढविण्याविषयी होता, चरबी जाळण्याविषयी नव्हता. आणि दमसासाच्या बाबतीत तो सफल झाला, म्हणूनच भरतीच्या उमेदवाराने ती पद्धत आठवड्यातून एक-दोनदा अवश्य वापरावी.

आपल्या विदर्भात नित्य व्यायामाच्या विचाराला जुने अधिष्ठान आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथील पथकाने भारतीय व्यायाम व खेळ जगापुढे सादर केले. त्या परंपरेतील जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार मोठ्या स्नायूंना एकाच वेळी कामाला लावतात आणि अखंड केले तर दमही वाढवितात. त्यांना ना यंत्र लागते, ना शुल्क. मात्र त्यांचे मोल आखाड्यात नित्य उतरणाऱ्यालाच लाभले, एक दिवस घाम गाळून घरी बसणाऱ्याला नव्हे.

येथेच मला मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. व्यायामानंतरचे तास महत्त्वाचे आहेतच. परंतु शरीर त्या तासांत आपोआप काय जाळील, यापेक्षा आपण त्या तासांत काय करू, याचे मोल कितीतरी अधिक आहे. पहाटे प्राणांतिक धाव घेऊन जो दिवसभर खाटेवर पडून राहतो आणि पावलाभराच्या कामालाही मोटरसायकल काढतो, तो मिळविलेले सारे गमावतो. त्याच साठ किलोच्या तरुणाने किलोमीटरभर दूरच्या बाजारात पायी जाऊन यावे, एवढ्यानेच त्याच्या निव्वळ साठेक कॅलरी खर्च होतात, म्हणजे त्या धावेच्या उत्तरखर्चाच्या चौपट. सिमेंट कारखान्याच्या कार्यालयात खुर्चीवर बसणारा कारकून, ट्रकचालक आणि गल्ल्यावरचा दुकानदार यांनी तर हे विशेष ध्यानात धरावे. उलट, दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या आणि निंदण करणाऱ्या बाईला चरबी जाळण्याचा उपदेश करणे हा अन्याय होय. तिला हवा आहे पाठीला बळ देणारा थोडा व्यायाम, पुरेसे अन्न आणि हक्काची विश्रांती.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचे श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. प्रकाराची निवड या चौकटीत आपापल्या वयाप्रमाणे, कामाप्रमाणे आणि आमच्या भागातील कडक उन्हाळ्याचे भान ठेवून खुशाल करावी. झोपेत चरबी जाळून देण्याचे आश्वासन जो शिक्षक देईल, त्याच्यापासून मात्र मुलांनी सावध असावे. आणि जो उद्या पुन्हा करता येईल एवढाच व्यायाम आज सांगेल, त्याचे शिष्यत्व निःशंकपणे पत्करावे.

— ‘व्यायामी’, मुकुटबन