तोंड सारखं येतंय? तारखा लिहून ठेवा

सकाळी गरम इडलीबरोबर चटणी घेतली आणि पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. ओठ उलटून आरशात पाहिलं, तर तोच ओळखीचा पांढरट-पिवळा ठिपका आणि भोवती लाल कडा. महिन्यापूर्वीच तर बरा झाला होता! बेंगळुरूत ऑफिसचं तिमाही क्लोजिंग असो, मुलांची पीयूसीची परीक्षा असो किंवा सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये रोज जाणारे दोन तास असोत, नेमकं अशाच दिवसांत तोंड येतं, असा अनेकांचा अनुभव आहे.

घरचे म्हणतात, ‘उष्णता वाढली.’ डॉक्टर म्हणतात, ‘स्ट्रेस कमी करा.’ ताणाचा संबंध खरोखरच आहे. ताणात शरीराच्या प्रतिकारशक्तीचं गणित बिघडतं, झोप कमी होते. शिवाय नकळत दात आवळले जातात, गालाची आतली बाजू चावली जाते. त्या छोट्या जखमेचाच पुढे व्रण होतो. हे व्रण संसर्गजन्य नसतात. लहान व्रण साधारण 7 ते 14 दिवसांत आपोआप भरून येतात.

पण सगळं खापर ताणावर फोडू नका. लोह, फॉलिक अ‍ॅसिड किंवा बी-12 कमी असलं तरी तोंड वारंवार येतं. शाकाहारी मंडळींमध्ये बी-12 कमी असणं आपल्याकडे नवीन नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनाही हा धोका असतो. काहींना खूप फेस करणाऱ्या टूथपेस्टमधलं सोडियम लॉरिल सल्फेट सोसत नाही, काहींना दाताचं तुटलेलं टोक टोचत असतं, तर काही जणींना पाळीच्या आधी हा त्रास होतो.

मग आपलं कारण कोणतं, हे कसं ओळखायचं? मोबाइलमध्येच एक नोंद ठेवा. व्रण कधी आला, कुठे आला, कधी बरा झाला, त्या आठवड्यात झोप किती झाली, कामाचा ताण कसा होता, काय खाल्लं, पाळीची तारीख. दोन-तीन महिन्यांत चित्र स्पष्ट व्हायला लागतं. डॉक्टरांकडे जाताना हीच नोंद दाखवा. अंदाजाने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेत राहण्यापेक्षा आधी हिमोग्लोबिन, लोह आणि बी-12 तपासून घेतलेलं बरं.

तोंड आलेलं असताना काय करावं?

• कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरा.
• तिखट, आंबट, फार गरम आणि कुरकुरीत पदार्थ चार दिवस बाजूला ठेवा. दहीभात, मऊ खिचडी, ताक उत्तम.
• मऊ ब्रश आणि सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट वापरून पाहा.
• फार दुखत असेल तर दंतवैद्यांना विचारून लावायचं मलम घ्या.

आजी जाईची पानं चघळायला सांगते, इथली कन्नड शेजारीण गणिके सोप्पूची तंबुळी करून देते. त्याने बरं वाटत असेल तर जरूर घ्या, पण तपासणी त्यासाठी लांबवू नका.

ताणाचं काय? नोकरी सोडा, असं कोणी सांगणार नाही. पण झोपेची वेळ ठरवणं, रात्री फोन लांब ठेवणं, रोज अर्धा तास चालणं आणि दात आवळलेत का हे दिवसातून दोन-चारदा पाहणं आपल्या हातात आहे. मन फारच जड झालं असेल तर टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या या सेवेचं मुख्य केंद्र आपल्याच बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. एकाच जागचा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर दंतवैद्यांना दाखवा. तीन आठवडे झाले तर एक दिवसही थांबू नका. व्रणाची कडा कडक लागते, मानेला गाठ जाणवते, लाल किंवा पांढरा चट्टा दिसतो, तोंड पूर्ण उघडत नाही, ही लक्षणं दिसली तर दोन आठवडेसुद्धा वाट पाहू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला अनेकदा दुखतही नाही, म्हणूनच तो अंगावर काढला जातो. तंबाखू, गुटखा, सुपारीची सवय असेल तर विशेष जपा. व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथेही तपासणी होते. वारंवार तोंड येण्याबरोबर ताप, सांधेदुखी, डोळे लाल होणं, सततचे जुलाब किंवा वजन घटणं असेल, तर फिजिशियनना भेटा.

म्हणून तारीख लिहिण्याचा फायदा दुहेरी आहे. व्रण का येतो हे तर कळतंच, पण तो वेळेत गेला नाही हेही कळतं. आज तोंड आलं असेल, तर आजचीच तारीख लिहून ठेवा.