पगार कमी आहे, पण टिप चांगली पडते

नागपुरात एका रेस्टॉरंटमध्ये वेटरचं काम मागायला गेलो तेव्हा मालक मला म्हणाला, "पगार कमी आहे, पण टिप चांगली पडते." मी 19 वर्षांचा होतो, केशोरीहून पिशवी घेऊन आलेलो. पगार महिन्याला 7,000, दोन वेळचं जेवण आणि वरच्या मजल्यावर सहा जणांत एक खोली. मला ते वाक्य आवडलं होतं. टिप म्हणजे पगारावर मिळणारं जास्तीचं, असं वाटलं. ती पगाराच्या जागी आहे, हे कळायला तीन महिने लागले.

त्या रात्री बाबांना फोनवर हेच सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपण रोवण्याले बाया लावतो, तेव्हा रोज आदल्या संध्याकाळी ठरते ना बाबू? 'रोज कमी देतो, पण धुऱ्यावरून जाणारा खूश झाला तर तुले देईन' असं कोनी म्हणते का?"

मी हसण्यावारी नेलं. आज वाटतं, टिपबद्दल त्याहून नेमकं मला कोणी सांगितलं नाही.

केशोरी हे गोंदिया जिल्ह्याच्या टोकाचं, गडचिरोलीच्या हद्दीजवळचं धानाच्या पट्ट्यातलं गाव. आमच्याकडे चहाच्या टपरीला हॉटेलच म्हणतात. तिथे आलुबोंडा खाऊन, चहा पिऊन कोणी टिप ठेवत नाही. पाच रुपये जास्त गेले तर टपरीवाला मागून हाक मारतो, "ओ भाऊ, तुमचे पैसे राहिले!" वर पैसे ठेवले तर त्याला ते विचित्र वाटेल. त्याने चहाची किंमत सांगितली, तुम्ही दिली, हिशेब संपला. दोघांपैकी कोणीही कोणाच्या उपकाराखाली नाही.

नागपुरात मी वेगळं शिकलो. आठ जणांच्या कुटुंबाला दीड तास वाढलं, मुलाने सांडलेलं सूप पुसलं, तरी टेबलावर काहीच नाही. दोन कॉलेजची पोरं नुसतं कोल्ड्रिंक पिऊन 50 ठेवून गेली. कारण काय? त्यांचा मूड. "चांगल्या सेवेचं बक्षीस" हे टिपचं सगळ्यात आवडतं समर्थन आहे, आणि ते खरं नाही. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन यांनी टिपवर अनेक वर्षं संशोधन केलंय. सेवेचा दर्जा आणि टिपची रक्कम यांचा संबंध फारच कमकुवत असल्याचं त्यातून दिसतं. आम्हा वेटरांना त्यासाठी संशोधनाची गरज नव्हती.

शिवाय चांगल्या कामाला वेगळे पैसे द्यायचेच असतील तर एसटीच्या कंडक्टरला का देत नाही? शाळेतल्या बाईंना? सरकारी कार्यालयातल्या बाबूला दिले तर त्याला आपण लाच म्हणतो. मजा अशी की दोन्हीसाठी शब्द एकच: चहापाणी.

आणि ही टिप कोणाला मिळते? जो दिसतो त्याला. तुम्ही ज्या पनीरच्या भाजीवर खूश झालात ती करणारा आत भट्टीसमोर असतो. ताटं घासणाऱ्या मावशी तर मागच्या दाराने येतात आणि मागच्याच दाराने जातात. आमच्याकडे त्या 11 तास उभ्या असायच्या. त्यांच्या हातात टिपचा एक रुपयाही पडायचा नाही.

आता यूपीआयने उरलेलंही संपवलं. पूर्वी बिलाच्या फोल्डरमध्ये सुटे राहायचे. आता क्यूआर कोड मालकाचा, खातं मालकाचं. ग्राहक "वर 40 जास्त पाठवलेत हं" म्हणून आमच्याकडे बघून हसायचे, आम्हीही हसायचो. महिन्याच्या शेवटी मी त्या चाळीस-चाळीस रुपयांचं विचारलं, तेव्हा मालक म्हणाला, "कुठे लिहिलंय?"

कुठेतरी लिहिलेलं आहे. 1976 साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की टिप हे मालकाने स्वतःच्या खिशातून दिलेले पैसे नाहीत. 2016 मध्ये आयटीसीच्या प्रकरणात तोच धागा पुढे नेत न्यायालयाने सांगितलं की कार्डाने आलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटली तरी ती पगार ठरत नाही. प्रश्न प्राप्तिकराचा होता, पण तत्त्व साधं आहे. टिप मालकाची नाही. मग ती दाखवून पगार कमी करायचा हक्क त्याला कोणी दिला?

ही रचना आपल्याला नवी नाही. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. महार वतनदाराकडून काम घ्यायचं सरकारने, वेळी-अवेळी राबवायचं सरकारने. पण मोबदला म्हणजे तुकडाभर इनाम जमीन, नावापुरते पैसे आणि बाकी गावकऱ्यांकडून मिळणारं बलुतं. गाव रुसलं की बलुतं बंद. काम घेणाऱ्याने मोबदल्याची जबाबदारी तिसऱ्याच्या मर्जीवर ढकलायची, हा त्यातला अन्याय होता. वेटरची नोकरी आणि वतन एक नाही. मी काम सोडू शकलो, वतनात माणूस जातीने बांधलेला होता. पण मोबदल्याची युक्ती तीच आहे, आणि ती ओळखता आली पाहिजे.

अमेरिकेतही टिपची पाळंमुळं अशाच ठिकाणी सापडतात. गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत कृष्णवर्णीय पोर्टर ठेवले, पगार तुटपुंजा दिला आणि बाकी प्रवाशांच्या टिपवर सोडलं. त्यांनी 1925 साली युनियन केली. कंपनीशी करार व्हायला 1937 उजाडलं. तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान दर आजही ताशी 2.13 डॉलर आहे, 1991 पासून तेवढाच. टिप धरूनही नेहमीचं किमान वेतन भरलं नाही, तरच मालकाने भर घालायची. म्हणजे आधी ग्राहकाचा खिसा, मग मालकाचा.

आपल्याकडे गाजला तो सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. ग्राहक म्हणून मला आनंद झाला. पण त्या सगळ्या चर्चेत "मग वेटरचा पगार किती?" हे विचारणारे फार थोडे होते.

तुम्ही म्हणाल, टिप बंद केली तर उद्या नुकसान कोणाचं? वेटरचंच. बरोबर. म्हणून टिप देऊ नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः देतो, रोख, हातात. पण ती देऊन आपण न्याय केला असं मला वाटत नाही. पाच महिने मी टेबलाकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाचे बूट आधी बघायचो, किती देईल याचा अंदाज बांधायला. साध्या चपलेतल्या म्हाताऱ्या जोडप्याला पाणी उशिरा दिलं. बहुधा तेही माझ्यासारखेच कुठल्यातरी गावाहून आले होते. ती लाज अजून गेली नाही.

मागणी फार मोठी नाही. पूर्ण पगार मेन्यूच्या किमतीत धरा. डोसा दहा रुपयांनी महाग होऊ दे. ते दहा रुपये आपण आजही देतोच, फक्त कोणाला मिळतील ते ठरलेलं नसतं. आणि त्यावर कोणी खुशीने काही ठेवलं, तर ते आतल्या मावशींपर्यंत पोचलं पाहिजे. ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून तसा कायदा लागू आहे: टिपमधला एक पैसाही मालकाला ठेवता येत नाही, ती कामगारांत न्याय्य रीतीने वाटावी लागते. आपल्याकडे हे का होऊ नये?

तोवर एक करा. पुढच्या वेळी क्यूआरवर जास्तीची रक्कम टाकण्याआधी वेटरला हळूच विचारा, "दादा, हे तुमच्यापर्यंत येतात का?" तो इकडेतिकडे बघून उत्तर देईल. मग काउंटरवर जा आणि तोच प्रश्न मालकाला जरा मोठ्याने विचारा.